हरकतीला जागा

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या आत दोन कर्जमाफ्या जाहीर झाल्या. दोन्ही संगणकावरून राबवल्या गेल्या. शेतकरी तेच होते, बँका त्याच, आधार क्रमांकही तेच. पहिली जून २०१७ ची. ३४ हजार २२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळेल असं सांगितलं गेलं. त्यासाठी शेतकऱ्यानं जवळचं केंद्र गाठायचं, ऑनलाइन अर्ज भरायचा, अंगठा द्यायचा आणि कर्जाची माहिती स्वतःच सांगायची. ऐन पावसाळ्यात केंद्रांपुढे रांगा लागल्या. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटून झाली आणि मग बँकांच्या लक्षात आलं, की आलेल्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं आहेत आणि खात्यांचे तपशील जुळत नाहीत. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या आणि घोंगडं पुढे बरेच महिने भिजत पडलं.

दुसरी योजना डिसेंबर २०१९ ची, महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची. या वेळी अर्जच नव्हता. थकीत कर्जाची माहिती बँकांनी आपल्या खातेवह्यांतून भरली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या ग्रामपंचायतीत, बँकेच्या शाखेत, सेवा केंद्रांत लावल्या गेल्या. शेतकऱ्यानं आपलं नाव आणि रक्कम वाचायची, पटली तर अंगठा देऊन मान्य करायची, पटली नाही तर तसं नोंदवायचं. तसं नोंदवलं की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाई. इथेही सर्व्हर बंद पडले, राबून झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू आले नाहीत आणि मार्चमध्ये टाळेबंदीनं सगळंच थांबवलं. तरीही पहिल्या योजनेसारखा गोंधळ झाला नाही. दोन वर्षांत यंत्रं काही फार सुधारली नव्हती. बदलला होता तो क्रम. सरकारनं आपल्याकडची नोंद आधी दाखवली, आणि ती चुकली असेल तर कुठे जायचं हेही त्याच वेळी सांगितलं.

सरकारी कारभार आणि तंत्रज्ञान यांच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांकडे या दोन योजनांच्या चष्म्यातून पाहिलं तर बराच उलगडा होतो. या काळात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि त्या एकच असल्यासारखं बोललं गेलं. एक म्हणजे खिडकीचं संगणकीकरण: दाखला, परवाना, भरणा, पावती. दुसरी म्हणजे सरकारची वही लोकांपुढे उघडणं. पहिलीनं हेलपाटे कमी झाले, आणि ते ज्यांनी घातलेत त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. पण सत्तेचा तोल थोडाफार ढळला तो दुसरीनं, आणि तोही फक्त तिथे, जिथे वही वाचणाऱ्याला हरकत घेता आली आणि हरकतीला उत्तर देणं कुणालातरी भाग होतं.

जमिनीच्या नोंदींपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण हरकत हा शब्दच मुळी महसूल खात्याचा. कर्नाटकानं २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात घातले आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. त्याहून मोठा बदल आतल्या बाजूला होता: फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानंच निकाली काढायचे, एखादा मागे ठेवायचा तर कारण नोंदवायचं. गावपातळीवरच्या हजारो लेखापालांची मक्तेदारी त्यामुळे मोडली. जागतिक बँकेनं प्रकल्पाची वाखाणणी केली आणि देशभरातून अधिकारी तो पाहायला आले. पुढे २००७ मध्ये बंगळुरूतल्या अभ्यासकांनी दुसरी बाजू मांडली. एकत्रित, सहज चाळता येणाऱ्या नोंदींचा फायदा शहराभोवती जमिनीचे मोठे तुकडे शोधणाऱ्यांना अधिक होतो, आणि नोंदीच्या कक्षेबाहेर कसणारा त्यात आणखीच अदृश्य होतो. खुली वही सगळ्यांना सारखी उघडी असते, पण ती वाचायला लागणारं बळ सगळ्यांकडे सारखं नसतं. हा आक्षेप आजही शिळा झालेला नाही.

महाराष्ट्रात सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात. ते संगणकात उतरवताना चुका होणार हे उघडच होतं. क्षेत्राचा दशांश सरकला, आणेवारी गाळली, भोगवटादाराचं नाव चुकलं, बोजा उतरवायचा राहिला. २०१७ मध्ये महसूल खात्यानं यावर जो उपाय योजला तो कुठल्याही परदेशी अहवालातून आलेला नव्हता. संगणकातला सातबारा छापून गावात चावडीवर वाचायचा. लोक ऐकतील, चूक असेल तर तिथेच सांगतील, तलाठी ती टिपून घेईल. हे चावडी वाचन अनेक गावांत उरकण्यापुरतं झालं, यात शंका नाही. पण माहितीची शुद्धता तपासण्याची याहून स्वस्त आणि अचूक रीत शोधणं अवघड आहे, कारण बांध कुठे आहे हे त्या गावाला संगणकापेक्षा अधिक ठाऊक असतं.

२०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या सहीसाठी दोन दोन दिवस मोडणारे शेतकरी त्या वर्षी काय म्हणाले असतील याची कल्पना करता येते. पण उतारा चुकीचा असेल तर? मग महसूल अधिनियमाचं कलम १५५, तहसीलदारांकडे अर्ज, मूळ हस्तलिखित उताऱ्याच्या नकला, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा जबाब आणि तारखा. चूक संगणकानं एका क्षणात केली, ती दुरुस्त करायला माणसाला जुनाच रस्ता. गंमत अशी की जुन्या व्यवस्थेत हरकतीला पक्की जागा होती. फेरफार धरला की हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस, चावडीवर प्रसिद्धी, पंधरा दिवसांची मुदत, आणि हरकत आलीच तर तिची नोंद करायला स्वतंत्र वही, गाव नमुना सहा-अ. इंग्रजी अमलातल्या कारकुनी शहाणपणानं जे राखलं, ते नव्या प्रणालीनं फेरफारापुरतं चालू ठेवलं. प्रणालीनं स्वतः केलेल्या चुकांसाठी मात्र अशी वही कुणी काढली नाही.

वही उघडण्याच्या मागणीचा इतिहास संगणकाच्या आधीचा आहे. राजस्थानात भीम तहसिलीतल्या देवडुंगरीत १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. दुष्काळी कामावरच्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती आणि मागायला गेलं की हजेरीपटात कामच कमी नोंदलं आहे असं उत्तर येई. मग हजेरीपट दाखवा, अशी मागणी पुढे आली. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग आणि त्यांचे साथी कागद मोठ्यानं वाचत आणि लोक उठून सांगत. अशा सुनवायांत मेलेल्यांच्या नावानं उचललेली मजुरी निघाली, कधीच न बांधलेली बांधकामं निघाली. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधी आला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला.

या कायद्याचं कलम चार फारसं कुणाच्या तोंडी नसतं. बहुतेकांना माहिती अधिकार म्हणजे अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस एवढंच ठाऊक. कलम चार सांगतं की सरकारनं माहिती कुणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून, शक्य तिथे संगणकावर, प्रसिद्ध करत राहावी. खुल्या माहितीचा आपला जाहीरनामा तोच आहे. अमेरिकेचं डेटा पोर्टल २००९ चं, भारताचं राष्ट्रीय धोरण आणि पोर्टल २०१२ चं. आपला कायदा या दोन्हींच्या आधीचा.

रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानं ही गोष्ट सर्वांत पुढे नेली. कल्पना मूळची महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातून आलेली, वि. स. पागे यांनी लावून धरलेली. २००६ पासून ती देशभर गेली आणि सोबत एक प्रचंड संगणकीय वही तयार झाली. कोणत्या गावात, कोणत्या कामावर, कोणत्या मस्टरवर, किती दिवस, किती मजुरी, पैसे कधी निघाले, सगळं संकेतस्थळावर कुणालाही पाहता येऊ लागलं. गावच्या रस्त्यावरच्या खडीपर्यंतचा हिशोब इतका उघडा ठेवणारी सरकारं जगात फार नाहीत.

आणि त्याच वहीनं सरकारला अडचणीत आणलं. कायदा सांगत होता, की मजुरी पंधरा दिवसांत मिळावी, सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर रोज ०.०५ टक्के भरपाई द्यावी. सरकारी पडद्यावर बहुतेक देणी वेळेवर दिसत. गावात मात्र मजूर महिनोन् महिने बँकेच्या चकरा मारत होते. काही तरुण अभ्यासकांनी संकेतस्थळावरून २०१६-१७ या वर्षातले दहा राज्यांतले नव्वद लाखांहून अधिक व्यवहार उतरवून घेतले आणि तारखा लावून पाहिल्या. तेव्हा मेख सापडली. पैसे सोडण्याचा आदेश तयार झाला की संगणक विलंब मोजणं थांबवत होता. आदेश निघाल्यापासून मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचे दिवस, जे प्रामुख्यानं केंद्राच्या हाती होते, ते कुठेच धरले जात नव्हते. ते धरल्यावर वेळेवर मिळालेली मजुरी उरली २१ टक्के. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियान प्रकरणात हाही विलंब मोजला पाहिजे, असं स्पष्ट केलं.

या प्रकरणात कुणी गुप्त कागद फोडला नव्हता. सगळी माहिती सरकारचीच, सरकारनंच मांडलेली. फक्त ती व्यवहारागणिक मांडलेली होती, नुसती टक्केवारी म्हणून नाही. सरासरी दाखवणारे रंगीत फलक आज प्रत्येक खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांत हरकत घेण्यासारखं काही सापडत नाही, कारण ज्यावर बोट ठेवायचं ती ओळच दिसत नाही.

त्याच योजनेत पुढे हजेरीचं ॲप आलं. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो चढवणं सक्तीचं झालं. हेतू खोटी हजेरी थांबवण्याचा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचे फोटो काढून टाकले जातात, सकाळी आणि दुपारी वेगवेगळी माणसं दिसतात. इकडे जिथे रेंज नाही तिथल्या खऱ्या मजुराचा खरा दिवस बुडाला. जनसुनवाईत कागद वाचून दाखवला जाई आणि गाव साक्ष देई. ॲपमध्ये गाव फक्त फोटोत उभं राहतं.

याहून नाजूक प्रश्न तिथे उभा राहतो, जिथे संगणक नोंद ठेवण्यापुरता न राहता निकाल देऊ लागतो. तेलंगणात सरकारी खात्यांची माहिती एकमेकांशी जोडून अपात्र ठरवलेल्यांच्या शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या. गाडी नावावर आहे, म्हणजे गरीब नाही. पण नाव सारखं असलेला दुसराच कुणी त्या गाडीचा मालक असेल तर? २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिका प्रत्यक्ष घरी जाऊन पुन्हा तपासा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला.

हा भारतातल्या गरिबीचा किंवा अपुऱ्या इंटरनेटचा दोष म्हणावा, तर नेदरलँड्सकडे पाहावं. तिथे बालसंगोपन भत्त्यातल्या फसवणुकीच्या संशयावरून हजारो कुटुंबांना पूर्ण रक्कम परत भरायला लावली. संशय कुणावर घ्यायचा हे ठरवताना राष्ट्रीयत्वासारखे निकष लावले गेले होते. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून, बेकारभत्ता जास्त घेतला असं गृहीत धरून चार लाखांहून अधिक लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न असं सारखं कधी असतं? आपलं देणं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र नोटीस मिळालेल्यावर होती, आणि त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधायच्या. २०१९ मध्ये न्यायालयानं ही पद्धत बेकायदा ठरवली आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनच्या अहवालानं संबंधितांची पुरती खरडपट्टी काढली.

महाराष्ट्रात महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे २६ लाख लाभार्थी खात्यांचा लाभ थांबवल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. इतर खात्यांशी माहिती पडताळून ती संशयास्पद ठरली होती. त्यांत पुरुषांच्या नावानं पैसे घेतलेलेही होते, म्हणजे छाननी अनाठायी नव्हती. पण क्रम पाहा: आधी लाभ स्थगित, मग जिल्हाधिकाऱ्यांकडून शहानिशा, पात्र ठरल्यास पूर्ववत. दीड हजार रुपये कुणाच्या घरात काय असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हा क्रम उलटा का असावा हे समजावून सांगावं लागत नाही.

माणसांची नावं नसलेल्या माहितीचं चित्र पुष्कळच मोकळं आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं पूर्वी विकत मिळत. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी, २००१ मध्ये, दिवसाला सरासरी ५३ चित्रं खपली. २००८ मध्ये ती फुकट केल्यावर दिवसाला हजारोंनी उतरवली जाऊ लागली आणि जंगलतोड, पीकपाणी, हिमनद्या यांचे अभ्यास त्यांवर उभे राहिले. भारतानंही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची बहुतेक परवाना-बंधनं उठवली. नकाशे, पर्जन्यमान, बसची वेळापत्रकं, भूजलपातळी यांवर कुणाचं खासगीपण अडत नाही. इथे उशीर होतो तो निव्वळ आळसानं किंवा ‘उद्या कुणी प्रश्न विचारला तर’ या भीतीनं.

आणि रूप कसं द्यायचं, यातही कसब पणाला लागतं. महाराष्ट्राचा प्रत्येक शासन निर्णय लांबलचक संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावर चढतो, ही खरोखर चांगली सवय आहे. मात्र त्याला जोडलेली परिशिष्टं, म्हणजे तालुक्यांच्या याद्या, निधीचे तक्ते, पुष्कळदा स्कॅन केलेली, तिरकी, पुसट. जुन्या फाँटात टंकलेला मराठी मजकूर उतरवून घेतला की पडद्यावर अक्षरांची भेळ. शोध घ्यावा तर सापडत नाही, बेरीज करावी तर आकडे चित्रात अडकलेले. निवडणुकीच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं २००२-०३ च्या न्यायालयीन निकालांमुळे सार्वजनिक झाली. पण ती स्कॅन स्वरूपात येतात, आणि ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’सारख्या संस्थेची माणसं ती वाचून आकडे पुन्हा टंकतात, तेव्हा कुठे कुणाची मालमत्ता पाच वर्षांत किती वाढली हे वर्तमानपत्रात छापून येतं.

एस्टोनियाचं नाव या चर्चेत हटकून निघतं. तेरा-चौदा लाखांचा तो देश, मुंबईच्या एखाद-दोन उपनगरांएवढा, त्यामुळे त्याचा धडा जसाच्या तसा इथे गिरवता येणार नाही. पण तिथली एक तरतूद लोकसंख्येवर अवलंबून नाही. २००१ पासून तिथली खाती एका समान जाळ्यातून एकमेकांची माहिती विचारतात, आणि आपली नोंद कोणत्या खात्यानं कधी उघडली हे नागरिकाला पाहता येतं. पाहणाऱ्याचीही नोंद. २०१७ मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष आढळला, तेव्हा सुमारे साडेसात लाख कार्डांना धोका आहे हे सरकारनं स्वतः जाहीर केलं आणि पुढे ती प्रमाणपत्रं स्थगित केली. आपल्याकडे अशा वेळी पहिली प्रतिक्रिया खंडनाची असते.

खासगीपणाचा मुद्दा इथे टाळता येत नाही, आणि तो सोपाही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या कलम ४४(३) नं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीही व्यापक सार्वजनिक हित असेल तर द्यावी, अशी तुलना त्याच कलमात होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच म्हणून नकार देता येतो. सार्वजनिक हिताचं दुसरं कलम कायद्यात शिल्लक आहे, असं सरकार म्हणतं. प्रत्यक्षात टेबलामागच्या अधिकाऱ्याला नकाराचं कारण किती सहज सापडतं, यावर बरंच ठरतं. हजेरीपटावर नावं असतात. शिधापत्रिकांच्या यादीत नावं असतात. मजुराचा आधार क्रमांक आणि फोन जगाला दिसणं वाईटच, पण त्याच्या नावावर कुणी मजुरी उचलली हे गावाला न दिसणं अधिक वाईट. ओळख पटवणारे क्रमांक झाका, नाव आणि रक्कम उघडी ठेवा, ही रेघ ओढता येते. रोजगार हमीच्या वहीत ती पुष्कळ अंशी ओढलेलीही होती.

राजस्थाननं सप्टेंबर २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू केलं. गावनिहाय रेशन, निवृत्तिवेतन, आरोग्य योजना, खाणकामाचे परवाने असं बरंच काही तिथे अर्ज न करता दिसतं, आणि ते कसं दाखवायचं हे ठरवायला संघटनांची माणसं अधिकाऱ्यांबरोबर बसली होती. तिथल्या कार्यकर्त्यांचीच त्यानंतरची मागणी जवाबदेही कायद्याची: चूक दिसली, तक्रार केली, तर ठरलेल्या दिवसांत उत्तर, नाहीतर दंड. ती वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अपिलं आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांचा दंड. हा कायदा बांधलेला आहे अर्जाभोवती: माणूस अर्ज करतो, खातं सेवा देतं किंवा नाकारतं. पण कर्जमाफीची यादी बँकेनं भरलेली असते, शिधापत्रिका दोन खात्यांची माहिती जुळवून रद्द होते, दीड हजारांचा हप्ता पडताळणीत थांबतो. यांत अर्जच नाही, मग मुदत कुठून मोजायची आणि अपील कशावर करायचं? अशा प्रत्येक निर्णयाची कारणासह नोटीस, नमुना नऊसारखी, लाभ थांबण्याआधी, ठरलेल्या दिवसांची मुदत देऊन पाठवायची, आणि सातबारा किंवा यादीतली चूक दुरुस्त करणं हीच एक अधिसूचित सेवा ठरवायची, तर नवं सॉफ्टवेअर फारसं लागणार नाही. अधिसूचना लागेल, आणि हरकती वाचायला तालुक्याच्या कचेरीत माणसं.